टाचणवही वाचताना

डी.एड.च्या (आताच्या डी.एल.एड.च्या) छात्राध्यापकांना शाळेवर पाठवण्याचे दिवस जवळ आले, की एका विशिष्ट प्रकारचे लेखन मोठ्या प्रमाणावर सुरू होते. रात्र रात्र जागून ते लिहिले जाते. रंगीत पेनांनी चौकटी आखल्या जातात, तक्ते चिकटवले जातात, मुखपृष्ठाला प्लॅस्टिकचे वेष्टन घातले जाते. या लेखनाला वाचक मात्र एकच असतो, तो म्हणजे निरीक्षक. तोही बहुधा शेवटच्या बाकावर बसून, पाठ चालू असताना, घाईघाईने वाचतो. वर्ष संपले की ही वही पुढच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी हाती जाते आणि तिच्यावरून नवी वही तयार होते. हे लेखन म्हणजे पाठाचे टाचण.

पाठ्यपुस्तकांची परीक्षणे होतात, शैक्षणिक साधनांची होतात. टाचणाची समीक्षा मात्र सहसा होत नाही. आम्ही गेली काही वर्षे सराव पाठांच्या निमित्ताने प्राथमिक शाळांत मागच्या बाकावर बसत आलो आहोत आणि अशा बऱ्याच वह्या वाचत आलो आहोत. एखाद्या पुस्तकाकडे जसे पाहावे तसे या वहीकडे पाहिले तर काय दिसते, हे येथे मांडत आहोत. कारण आमच्या मते नव्या शिक्षकाची खरी तयारी कुठे अडते, हे या वहीच्या रकान्यांत स्पष्ट वाचता येते.

वहीचे कूळ

टाचणाचा सांगाडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वर घटक, उपघटक, इयत्ता, तासिका, वेळ. मग उद्दिष्टे व स्पष्टीकरणे. त्यानंतर पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, मूल्यमापन, स्वाध्याय. विषयविवेचनाच्या पानावर उभे रकाने : आशय, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, शैक्षणिक साधन, फलकलेखन.

हा सांगाडा एका दिवसात तयार झालेला नाही. जर्मन विचारवंत हर्बार्ट (१७७६-१८४१) याने नवे ज्ञान जुन्या ज्ञानाशी कसे जोडले जाते याचा विचार करून अध्यापनाच्या चार अवस्था सांगितल्या होत्या. त्याचा अनुयायी त्सिलर याने पहिल्या अवस्थेचे दोन भाग करून त्यांच्या पाच केल्या आणि राइन याने त्यांना सर्वत्र रूढ झालेली नावे दिली : पूर्वतयारी, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द टाचणाच्या पहिल्या पानावर आले. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत पुढे आली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, थोड्या वेळाचा पाठ द्यायचा, प्रत्याभरण घ्यायचे, आणि तोच पाठ सुधारून पुन्हा द्यायचा, अशी तिची रीत. आपल्याकडे सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटांचा पाठ व सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र रूढ झाले.

ही सर्व मंडळी विचारपूर्वक काम करणारी होती. टाचणामुळे नवशिक्याला आधार मिळतो, पाठाला सुरुवात व शेवट राहतो, खडू-फळा विसरला जात नाही, हे आम्ही मान्य करतो. ज्याने कधीच वर्गासमोर उभे राहून पाहिलेले नाही त्याला "आतून येईल तसे शिकव" असे सांगणे हा क्रूरपणा आहे. म्हणून टाचण नको, असे आमचे म्हणणे नाही. ज्या कामासाठी टाचण आले ते काम आज ते करते का, हा आमचा प्रश्न आहे.

एक नमुना

उदाहरणादाखल एक पाठ घेऊ. इयत्ता पाचवी, विषय परिसर अभ्यास, उपघटक : हवेचे घटक. शाळा जिल्हा परिषदेची, वर्गात सव्वीस मुले. छात्राध्यापिका मेहनती होती आणि तिचे टाचण नीटनेटके होते. त्यातील मुख्य प्रयोग आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. ताटलीत मेणबत्ती उभी करायची, ताटलीत रंगीत पाणी ओतायचे, मेणबत्ती पेटवायची व तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढते.

टाचणात असे लिहिले होते. अध्यापक कृती : "पाणी वर का चढले?" विद्यार्थी कृती : "ग्लासातील ऑक्सिजन जळून गेला व त्याची जागा पाण्याने घेतली." अध्यापक कृती : "पाणी ग्लासाच्या कितव्या भागापर्यंत चढले?" विद्यार्थी कृती : "एक पंचमांश." फलकलेखन : हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे एक पंचमांश असते.

प्रत्यक्षात काय झाले? मेणबत्ती विझली, पाणी चढले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. छात्राध्यापिकेने ठरलेला प्रश्न विचारला. एका हुशार मुलाने ठरलेले उत्तर दिले, कारण ते पुस्तकात होते. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण बाई, मेणबत्ती जळत होती तोवर पाणी चढलंच नाही. विझल्यावर एकदम चढलं."

वर्गात क्षणभर शांतता पसरली. छात्राध्यापिकेने वहीकडे पाहिले. वहीत या वाक्याला जागा नव्हती. "बरोबर, खाली बस," एवढेच ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. निरीक्षण तक्त्यात या पाठाला चांगले गुण मिळाले. प्रस्तावना वेळेत झाली होती, फलकलेखन सुवाच्य होते, साधनांचा वापर झाला होता.

मुलीचे म्हणणे बरोबर होते

शाळा-शाळांतून अनेक वर्षे दाखवल्या जाणाऱ्या या प्रयोगाचे रूढ स्पष्टीकरण त्या मुलीच्या एका वाक्याने कोसळते. ऑक्सिजन जळून जाण्यामुळे पाणी चढत असेल, तर मेणबत्ती जळत असतानाच ते हळूहळू चढले पाहिजे. तसे होत नाही.

खरा प्रकार असा. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उतरवताना त्यात शिरणारी हवा तापलेली असते. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून ग्लासात नेहमीपेक्षा कमी हवा मावते. काही वेळा ग्लासाच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात. मेणबत्ती विझली की आतली हवा निवते व आकुंचन पावते, ज्वलनात तयार झालेली पाण्याची वाफ काचेवर थिजते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

रूढ स्पष्टीकरणात आणखी दोन चुका आहेत. एक म्हणजे मेणबत्ती ग्लासातील सगळा ऑक्सिजन संपवत नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, आणि तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. दुसरी म्हणजे ऑक्सिजन नाहीसा होत नाही. मेण जळताना साधारणपणे तीन घनफळ ऑक्सिजनामागे दोन घनफळ कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो साध्या पाण्यात इतक्या थोड्या वेळात फारसा विरघळत नाही. हिशेब केला तर १०० भाग हवेतून ५ भाग ऑक्सिजन गेला आणि सुमारे ३.३ भाग कार्बन डायऑक्साइड आला. म्हणजे घट १.७ भागांची. एवढ्याने पाणी ग्लासाच्या साठाव्या हिश्शापर्यंतच चढेल.

मग एक पंचमांश हे उत्तर येते कुठून? समजा, ग्लास टेकवताना आतील हवेचे सरासरी तापमान ८७ अंश सेल्सियस होते आणि नंतर ते २७ अंशांवर आले. केल्विन मापनात हे ३६० वरून ३०० झाले. म्हणजे हवेचे घनफळ एक षष्ठांशाने घटले. एक षष्ठांश आणि एक पंचमांश यांतला फरक रंगीत पाण्याच्या ताटलीत डोळ्यांनी ओळखू येत नाही. अशा योगायोगामुळे चुकीचे स्पष्टीकरण टिकून राहते.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढते, कारण हवा जास्त तापलेली असते. किंवा मेणबत्तीला पूर्ण रजा द्यावी. काचेची जाड बाटली सोसवेल इतक्या गरम पाण्याने विसळून ताटलीतल्या पाण्यात पालथी धरावी. (पाणी उकळते घेऊ नये, बाटली तडकते.) काहीच न जळता पाणी वर चढते.

वहीत काय नव्हते

आता पुन्हा टाचणाकडे येऊ. यात छात्राध्यापिकेचा दोष किती? आमच्या मते फारच थोडा. तिने जे वाचले ते लिहिले, जे लिहिले ते केले. दोष वहीच्या रचनेत आहे, आणि तो चार ठिकाणी दिसतो.

पहिली गोष्ट, "विद्यार्थी कृती" हा रकाना. मूल वर्गात येण्याआधीच त्याचे उत्तर लिहून ठेवणारा हा रकाना आहे. त्यात नेहमी एकच उत्तर असते, ते नेहमी बरोबर असते आणि ते नेहमी पुस्तकी भाषेत असते. सव्वीस मुलांच्या वर्गात एका प्रश्नाला सव्वीस नाही तरी पाच-सहा प्रकारची उत्तरे येतात. त्यांतील चुकीची उत्तरे शिक्षकाला सर्वांत उपयोगी असतात, कारण मूल कुठून विचार करत आहे ते त्यांतून कळते. ती उत्तरे लिहायला वहीत जागाच नाही. त्यामुळे अनपेक्षित उत्तर आले की नवा शिक्षक ते व्यत्यय समजतो.

दुसरी गोष्ट, वहीत वेळ मोजली जाते पण थांबणे मोजले जात नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण ऐकून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हीच वेळ तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केली, की मुलांची उत्तरे लांबतात, "मला माहीत नाही" म्हणणारे कमी होतात, आणि मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद ही काही मोठी गुंतवणूक नव्हे. पण ज्याला ३५ मिनिटांत सात पायऱ्या पार करायच्या आहेत, त्याला तीन सेकंदांची शांतता म्हणजे पाठ फसल्याची खूण वाटते.

तिसरी गोष्ट, वहीत प्रयोग आहे पण प्रयोगाची तालीम नाही. आम्ही नंतर विचारले तेव्हा कळले, की छात्राध्यापिकेने हा प्रयोग वर्गातच पहिल्यांदा केला होता. तिला आदल्या दिवशी तक्ता रंगवायला चार तास लागले होते. तक्त्याला गुण आहेत, तालमीला नाहीत. तिने तो घरी तीनदा केला असता, तर पाणी केव्हा चढते हे त्या मुलीच्या आधी तिला दिसले असते.

चौथी गोष्ट, वहीतला वर्ग खऱ्या शाळेतला नसतो. वहीत एका शिक्षकासमोर एक इयत्ता असते. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) निकषांनुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे लहान गावातल्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकत्र असतात. पाचवीला प्रयोग दाखवताना चौथीची मुले काय करतील, हे टाचणात कुठेच विचारलेले नसते. नोकरी मिळाल्यावर मात्र पहिल्या दिवशी हाच प्रश्न समोर उभा राहतो.

तयारी कशी व्हावी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात एकूण वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता ठेवली. त्यांतील चार आठवडे शाळा व वर्ग यांच्या निरीक्षणासाठी आहेत. कागदावर ही मोठी सुधारणा आहे. परंतु त्या चार आठवड्यांत काय पाहायचे हे कुणी सांगितले नाही, तर ते दिवस हजेरीपटाची नक्कल करण्यात आणि शाळेचा नकाशा काढण्यात जातात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून शाळेवर जाण्याच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या मार्गदर्शकांसाठी काही सूचना करतो. यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत.

एक. टाचण लिहिण्याआधी वर्ग पाहावा. पाहताना शिक्षकाकडे न पाहता एकाच मुलाकडे तासभर पाहावे. ते केव्हा ऐकते, केव्हा खिडकीबाहेर बघते, शेजाऱ्याला काय विचारते, हे टिपावे. दुसऱ्या दिवशी दुसरे मूल घ्यावे. चार दिवसांत वर्गाविषयी जे कळते ते कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही.

दोन. मुलांची नावे पाठ करावीत. कोणत्या मुलांच्या घरी शाळेपेक्षा वेगळी बोली किंवा भाषा आहे ते विचारून घ्यावे. "द्रावण" हा शब्द ज्याने कधी ऐकलेला नाही, तो सरबत मात्र रोज करत असेल.

तीन. प्रत्येक प्रयोग वर्गात वापरायच्याच सामानाने घरी किमान तीनदा करावा. पहिल्यांदा फसतो का ते पाहायला, दुसऱ्यांदा नीट करायला, आणि तिसऱ्यांदा पुस्तकाने सांगितले नाही असे काही दिसते का ते शोधायला. तिसरी खेप सर्वांत महत्त्वाची.

चार. "विद्यार्थी कृती" या रकान्याचे नाव खोडून तेथे "मुले काय काय म्हणू शकतील" असे लिहावे. प्रत्येक मुख्य प्रश्नासमोर निदान तीन उत्तरे लिहावीत, त्यांतील दोन पुस्तकात नसलेली असावीत. प्रत्येकासमोर आपण पुढे काय विचारू तेही लिहावे.

पाच. टाचणाच्या शेवटी अर्धे पान कोरे सोडावे आणि पाठ झाल्यावर त्याच दिवशी भरावे. काय ठरले होते, काय झाले, आणि ज्याचे उत्तर मला देता आले नाही तो प्रश्न कोणता. निरीक्षकांना आमची विनंती आहे, की त्यांनी हेच अर्धे पान आधी वाचावे.

दोन आक्षेप

यावर आमच्या मित्रांनी घेतलेले दोन आक्षेप नोंदवायला हवेत. पहिला असा, की नवशिका शिक्षक मुलांच्या प्रश्नांमागे गेला तर पाठ पूर्ण होणार नाही आणि वर्ग हाताबाहेर जाईल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही टाचण टाकून द्या असे म्हणत नाही. पाठ अर्धवट राहिला तरी चालेल, पण मुलाच्या खऱ्या निरीक्षणाला "बरोबर, खाली बस" असे उत्तर मिळू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. "तू चांगलं पाहिलंस. मलाही आत्ता सांगता येत नाही. उद्या पुन्हा करून पाहू," हे म्हणायला दहा सेकंद पुरतात आणि वर्ग हाताबाहेर जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुण निरीक्षकाच्या हाती असतात, आणि निरीक्षण तक्ता वर सांगितलेल्या पायऱ्यांचाच असतो. मग विद्यार्थ्याने वेगळे काही करण्याचा धोका का पत्करावा? याला आमच्याकडे सोपे उत्तर नाही. छात्राध्यापक बहुतेक वेळा परिस्थितीने गांजलेला असतो, पदविका हाच त्याच्या घरचा आधार असतो. त्याला धोका पत्करायला सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. तो पत्करायचा तर आधी अध्यापक विद्यालयांनी पत्करावा. निरीक्षण तक्त्यात "मुलांनी विचारलेले प्रश्न" अशी एक ओळ घालून तिला फलकलेखनाइतके गुण द्यावेत. एवढ्या बदलानेही वह्या बदलू लागतील, कारण गुण जिकडे असतात तिकडे मेहनत जाते.

त्या पाठाची हकिकत पुरी करून थांबतो. शाळा सुटल्यावर आम्ही आणि ती छात्राध्यापिका वर्गातच बसलो आणि प्रयोग पुन्हा केला. पाणी केव्हा चढते ते तिने स्वतः पाहिले, आणि काही वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिला मी खाली बसवलं." दुसऱ्या दिवशी तिचा पाठ नव्हता. तरीही वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन तिने मधल्या सुट्टीआधीची पंधरा मिनिटे मागून घेतली. तीन मेणबत्त्या तिने येताना आणल्या होत्या. त्या पेटवण्याआधी तिने वर्गाला विचारले, की पाणी कालच्यापेक्षा जास्त चढेल, कमी चढेल की तेवढेच चढेल. हात वर करवून तिन्ही मते फळ्यावर मोजून लिहिली. ग्लास पालथा घालण्याचे काम तिने दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीला दिले.

त्या पंधरा मिनिटांचे टाचण तिने लिहिले नव्हते, आणि त्यांना गुणही नव्हते.